पाचव्या स्थानाचं घर

शहरातल्या चर्चमध्ये भिंतीवर ओळीनं चौदा चित्रं लावलेली असतात. येशूला मरणाची शिक्षा झाली तिथपासून त्याला कबरेत ठेवलं तिथपर्यंत. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस आमचा प्रायश्चित्तकाळ. त्यातल्या दर शुक्रवारी माणसं एकेका चित्रापुढं थांबतात, गुडघे टेकतात, प्रार्थना म्हणतात आणि पुढच्या चित्राकडं वळतात. ह्याला क्रूसाची वाट म्हणतात. शहरात ती पंख्याखाली अर्ध्या तासात उरकते.

आमचं चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. सोनपेठहून आत, गोदावरीच्या अलीकडं, गावाच्या कडेला आमची वस्ती. खोलीच्या एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीला वेदी आणि चौथीला बारमाही ओल. चित्रं लावणार कुठं? म्हणून ज्या फादरांनी ती चौदा चित्रं पहिल्यांदा आणली, त्यांनी ती चौदा घरांना वाटून दिली. माझ्या लग्नाच्या कितीतरी आधीची गोष्ट. वर्षभर चित्र त्या त्या घरात खिळ्याला. शुक्रवारी उन्हं उतरली की घरवाले ते दारात पाटावर मांडतात, शेजारी दिवा लावतात, आणि अख्खी वस्ती पहिल्या घरापासून चौदाव्या घरापर्यंत गाणी म्हणत जाते. दारापुढच्या मातीत गुडघे टेकायचे. ज्याचं घर, त्यानं प्रार्थना सांगायची. त्या चित्राला आम्ही स्थान म्हणतो, आणि वस्तीत घरंसुद्धा स्थानावरनंच ओळखतात. नवव्या स्थानाला येशू तिसऱ्यांदा पडतो. नवव्या घरची म्हातारी मरेपर्यंत कुरकुरत राहिली, की पडायला ह्याला आमचंच दार सापडलं.

आमचं घर पाचवं. येशूला क्रूस झेपेना, तेव्हा शिपायांनी रानातनं घरी चाललेल्या एका माणसाला धरलं आणि क्रूस त्याच्या खांद्यावर दिला, ते हे चित्र. त्या माणसाचा ना गुन्हा ना संबंध. वस्तीला येशूच्या खालोखाल त्याचीच कणव. ज्वारीची काढणी चालू असायची, बाया दिवसभर वाकून कंबर धरून आलेल्या असायच्या, आणि पाचव्या घरापुढं गुडघे टेकताना एखादी तरी म्हणायचीच की बिचारा भाकर खायला चालला असंल.

माझे सासरे वस्तीचे प्रचारक. त्यांना मी मामा म्हणायची. फादर लांबून मोटारसायकलवर पंधरा दिवसांतनं एकदा येणार, मधल्या दिवसांत प्रार्थना मामांनी चालवायच्या. चाळीस वर्षं त्यांनी एक शुक्रवार चुकवला नाही. निम्मी वस्ती दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला जायची, घरांना कुलपं. जाताना माणसं आपापलं चित्र शेजाऱ्याकडं ठेवून जायची. कधी कधी एकेका दारात तीन तीन स्थानं मांडावी लागायची. मामा तिथंही तीनदा गुडघे टेकायचे, तीनदा उठायचे. दारं कमी झाली म्हणून वाट कमी करायची नाही, असं त्यांचं होतं. नवरा माझा एस.टी.त कंडक्टर, घरी आठवड्यातनं दोन दिवस. सासूबाई आधीच गेलेल्या. घरात मामा, मी आणि माझी लेक.

मी अंगणवाडीत सेविका. माझं तोंड फाटकं आहे हे वस्तीला माहीत आहे. प्रायश्चित्तकाळात काहीतरी सोडायचं असतं. मी दरसाल चहा सोडते, कारण तोंड आवरणं मला जन्मात जमलं नाही. मामा काय सोडायचे ते कधी सांगायचे नाहीत. त्यांना विचारलं तर म्हणायचे, सांगितलं की ते सुटलं नाही, मिरवलं.

आता जे सांगायचंय ते सांगते. आम्ही दोन ठिकाणी लिहिलेले आहोत. फादरांच्या रजिस्टरात ख्रिस्ती, आणि शाळेच्या रजिस्टरात हिंदू, पुढं जुनी जात. मामांच्या वडलांनी बाप्तिस्मा घेतला, पण मामांचं नाव शाळेत घालताना गुरुजींनी जे माहीत होतं ते लिहिलं, आणि ते कुणी खोडलं नाही. धर्म बदलला की जातीचा दाखला जातो, असा कायदा आहे. कायदा करणाऱ्यांना वाटत असेल, डोक्यावर पाणी पडलं की जात वाहून जाते. गावात कुणाला तसं वाटलं नाही. ज्या विहिरीवर मामांचा आजा चढू शकत नव्हता, तिच्यावर बाप्तिस्मा घेतलेला बापही चढू शकला नाही. मग कागदावरची जात तेवढी आम्ही का सोडायची? असं मी तेव्हा तावातावानं म्हणायची. अजूनही म्हणते. पण खोटं ते खोटंच, हेही मला तेव्हापासून कळत होतं.

लेक बारावीला होती. तिला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. सातवीत असताना शेळी अडली, तेव्हा मामांनी कंदील धरला आणि हिनं हात घालून करडू वळवून बाहेर काढलं, तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. मार्क चांगले पडणार होते. पण आमच्या ऐपतीत तो प्रवेश राखीव जागेवरच मिळणार, आणि राखीव जागेला नुसता जातीचा दाखला चालत नाही, त्याची पडताळणी लागते. आमच्या घराण्यात आधी कुणाची पडताळणी झालेली नव्हती. म्हणून घरी चौकशी येणार असं कळलं. माणसं येतात, रीतिरिवाज विचारतात, कुलदैवत विचारतात, शेजाऱ्यांना विचारतात. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाला आधी विचारतात. कधी येतील ते सांगत नाहीत.

प्रायश्चित्तकाळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी फादरांनी कपाळाला राख लावली आणि नेहमीप्रमाणं म्हणाले, माती आहेस, मातीला मिळशील. मी मनात म्हटलं, मिळीन, पण लेकीची पडताळणी होऊ द्या.

मी मामांना आधी गोडीत सांगून पाहिलं. ताडकळसला त्यांची लेक दिलेली. तिच्याकडं महिनाभर जाऊन या, हवापालट होईल. मामा म्हणाले, ह्या दिवसांत मी गेलो तर वाट कोण चालवील? तेव्हा मी सरळ सगळं सांगितलं. त्यांना ते आधीच ठाऊक होतं. ते उठून शेळ्यांना पाला टाकायला गेले. त्यांचा तो गप्प राहायचा स्वभाव माझ्या डोक्यात जायचा. माणसानं हो म्हणावं नाहीतर नाही म्हणावं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं अशी गत झाली होती माझी.

दुसऱ्या शुक्रवारच्या आधी मी पाचवं स्थान खिळ्यावरनं उतरवलं. चादरीत गुंडाळलं आणि सहाव्या घरी नेऊन ठेवलं. सहाव्या घरच्या बाईला सांगितलं, तुझ्याच दारात आमचंही मांड. तिनं का ते विचारलं नाही. त्यांच्याही लेकाला कधीतरी पडताळणी लागणार होती. मग मी बाजारच्या दिवशी सोनपेठला गेले आणि तुळजापूरच्या देवीची तसबीर आणली. ती त्या खिळ्याला लावली, हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती लावली. पाप वाटलं का? नाही. मला फक्त एवढंच वाटत होतं की तसबीर नवीकोरी दिसते, चौकशीवाल्याच्या लक्षात येईल. म्हणून मी चुलीचा धूर तिच्यावर धरला. फडक्यानं पुसली, परत धूर धरला. इतकी अक्कल मला त्या दिवशी कुठनं सुचली देव जाणे.

मामा रानातनं आले. दारात थांबले, खिळ्याकडं पाहिलं. मी भांडायच्या तयारीतच उभी होते. पण ते हळूच म्हणाले, "त्या देवीनं आपलं काय वाईट केलंय गं बाई? तिला कशाला आपल्या खोट्यात ओढायलीस?"

मी म्हटलं, "मग तुमी सांगा काय करू ते."

त्या दिवसापासून ते ओसरीवर जेवायला लागले. ताट बाहेरच मागायचे. भाकरी पण एकच, आणि वर ठेचा. लोकांना वाटलं म्हाताऱ्यानं यंदा उपास कडक धरलाय. त्या शुक्रवारी क्रूसाची वाट आमच्या दारावरनं आली. चौथ्या घरापासनं सहाव्या घरापर्यंत जाताना आमचं दार मधे लागतं. लोक सवयीनं थांबले, दोन-चार म्हाताऱ्यांनी तर गुडघेही टेकले. मामा थांबले नाहीत. ते पुढं चालत राहिले, आणि म्हाताऱ्या धूळ झटकत उठल्या. मी आतून दाराच्या फटीतनं बघत होते. स्वतःच्याच दारात चोरासारखी. सहाव्या घरापुढं मामांनी आधी आमचं स्थान सांगितलं. आवाज इथपर्यंत येत होता. मला तिथं जाऊन गुडघे टेकायची लय इच्छा झाली, पण मी गेले नाही. माझ्या हिशेबानं मी आता हिंदू होते.

पाप सांगायला फादर चर्चबाहेरच्या लिंबाखाली खुर्ची टाकून बसतात. माणसं लांब रांगेत उभी राहतात, एकेक जण जाऊन शेजारी गुडघे टेकतो. चौथ्या आठवड्यात फादर आले तेव्हा मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली. नेहमीची पापं पटापट सांगितली, कुणाला काय बोलले, अंगणवाडीतला रव्याचा लाडू स्वतः कधी खाल्ला. मग म्हटलं, फादर, आणि मी एक खोटं बोलणार आहे. सासऱ्यांनाही बोलायला लावणार आहे. त्याची माफी पण आत्ताच द्या.

फादर दक्षिणेकडचे, मराठी पुस्तकातली. ते गोंधळले. म्हणाले, केलेल्या पापाची क्षमा मिळते. करायच्या पापाची मिळत नाही. करायचं नाही असं ठरवा, मग बाकीच्यांची देतो. मी म्हटलं, ठरवता येत नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ख्रिस्ती झालेल्यांचा वेगळा दाखला निघतो असंही सांगितलं. ते मला माहीत होतं. त्यासाठी सासऱ्यांच्या शाळेपासूनचे कागद बदलत आणायचे, तोवर लेकीचं शिकायचं वय निघून गेलं असतं, आणि त्या दाखल्यावर जागा मिळेल ह्याचीही खात्री नाही. पापाची माफी त्यांनी दिली नाही. डोक्यावर हात ठेवून नुसता आशीर्वाद दिला. रांगेतल्या बायांना वाटलं, हिचं तोंड एवढं मोठं, पापंही मोठीच असणार. एवढा वेळ लागलाय म्हणताना.

चौकशी पाचव्या आठवड्यात आली, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमाराला. लेक पेपरला गेली होती. दोन माणसं होती. एक लिहिणारा, एक विचारणारा. विचारणारा वयानं बरा, घाम पुसत पुसत बोलणारा, उर्मट नव्हता. मला राग धरायलाही काही मिळेना. त्यानं पाणी मागितलं, मी दिलं, तो प्यायला.

पंच म्हणून आमच्या बांधाला लागून ज्यांचं शेत आहे त्या म्हाताऱ्या मालकाला बोलावलं होतं. मामा त्यांच्या रानात तीस वर्षं सालानं राबलेले. माणूस मनानं वाईट नाही. लेकीच्या शिक्षणासाठी हाय म्हटल्यावर हातातलं काम टाकून आले. विचारणाऱ्यानं त्यांना विचारलं, हे लोक कोण, तुमच्या माहितीत ह्यांची जात कोणती. त्यांनी चटकन सांगितली. मग आम्हाला मदत व्हावी म्हणून स्वतःहून पुढं बोलले.

"साहेब, शंभर टक्के त्येच हायती. आमच्या घरी ह्यांचा चहाचा कप अजून येगळा हाय. बाहेर कोनाड्यात ठिवलेला. पायजे तर चला, दाखवतो."

लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं. मालकांनी माझ्याकडं बघून मान हलवली, काळजी करू नको असं. मामा बाजेवर बसलेले, खाली बघत. तीस वर्षं त्या कपातनं चहा प्यायलेला माणूस. माझ्या अंगाची नुसती लाही झाली. आणि त्याच वेळी आतनं मला बरं वाटत होतं, की पुरावा पक्का झाला. त्या बरं वाटण्याची मला आजही किळस येते.

मग मामांची पाळी. कुलदैवत कोणतं, विचारलं. मी पदराचं टोक मुठीत धरून उभी. मामांनी वर पाहिलं. म्हणाले, तुळजापूरची आई. आणि मग ते बोलायलाच लागले. परडी कशी भरायची, पोत कसा पेटवायचा, जोगवा मागायला आजी पाच घरं कशी फिरायची, चैत्रात काय करायचं, नवरात्रात घट कुठं बसायचा, कोणत्या बाजूला. मी वीस वर्षं त्या घरात होते, ह्यातलं एक अक्षर मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं. सगळं खरं होतं. त्यांच्या आजीचं होतं. लहानपणी पाहिलेलं त्यांनी पोटात कुठं जपून ठेवलं होतं कोण जाणे. लिहिणाऱ्याचा हात दुखला असेल. विचारणारा खूष होऊन ऐकत होता.

शेवटी त्यानं कागद मिटले. उठता उठता म्हणाला, "बाबा, एक विचारायचं राहिलं. तिकडं पत्र्याच्या खोलीवर क्रूस दिसला. तुमी त्यातले आहात का?"

मामा म्हणाले, "न्हाई साहेब."

एवढंच. येशूला धरून नेलं त्या रात्री त्याच्या शिष्याला, पेत्राला, कोंबडा आरवायच्या आत तीनदा हेच विचारलं होतं आणि तो तीनदा नाही म्हणाला होता; मामांना एकदाच. कोंबडा काही आरवला नाही. माणसं गाडीत बसून गेली. मालक मामांच्या खांद्यावर हात ठेवून, काम झालं म्हणाले आणि रानात गेले. मी चहा टाकला. चहा सोडलेला असूनही स्वतःला घेतला. मामांना कप नेऊन दिला तर ते म्हणाले, राहू दे बाई. त्यांनी डोक्याला पटका बांधला आणि ज्वारीच्या काढणीला गेले. त्या दिवशी त्यांनी इतरांच्या दुप्पट पात धरली, असं बाया सांगत होत्या.

त्या शुक्रवारी त्यांनी क्रूसाची वाट चालवली नाही. अंगात कणकण आहे म्हणाले. ईस्टरच्या आधल्या, झावळ्यांच्या रविवारी शिंदीच्या फांद्या तोडून आणल्या, पण मिरवणुकीत मागं चालले. गुड फ्रायडेला तर सगळ्यांनी पाहिलं. त्या दिवशी वेदीपुढं क्रूस आडवा ठेवतात आणि सगळी वस्ती गुडघ्यांवर सरकत जाऊन त्याचं चुंबन घेते. पहिला मान नेहमी मामांचा. ते भिंतीला टेकून बसून राहिले. लोक थांबले, त्यांच्याकडं बघत. मग फादरांनी खूण केली आणि बाकीचे उठले. मी गेले, क्रूसाला ओठ लावले. सगळं कारस्थान माझं. मी निर्लज्जासारखी जाऊन आले, आणि ज्यांनी माझ्यासाठी एक शब्द उच्चारला ते भिंतीपाशी बसले होते. ईस्टरला फादर जिभेवर देतात तो प्रसादही त्यांनी घेतला नाही; मोठं पाप सांगून माफी घेतल्याशिवाय तो घ्यायचा नसतो. नंतर कधीच घेतला नाही.

पडताळणी झाली. लेकीला जागा मिळाली. तिला कुणी काही सांगितलं नाही, पण ती वेडी नाही. पाचवं स्थान परत खिळ्याला आलं, देवीची तसबीर मी चांगल्या कापडात बांधून, पाया पडून, मालकांच्या सुनेला देऊन टाकली. शुक्रवारी आमच्या दारात परत दिवा लागायला लागला. प्रार्थना मात्र मी सांगायची. मामा गर्दीच्या शेवटी, गुडघे टेकून, ओठ मिटून.

पुढच्या वर्षी फादर मुद्दाम घरी आले. ओसरीवर मामांशेजारी बसले. मी दारामागं. फादर म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही लोकांना पश्चात्तापाची प्रार्थना शिकवली. एकदा या, सांगा, मोकळे व्हा. देव एवढा कडक नाही.

मामा म्हणाले, "फादर, त्या प्रार्थनेत शेवटी म्हणावं लागतं, पुन्ना असं करणार न्हाई. उद्या पुन्ना कुणी आलं, पोरीसाठी विचारलं, तर मी पुन्ना तेच सांगीन. मला ठाऊक हाय. मग देवाच्या तोंडावर आणि एक खोटं कशाला बोलू?"

फादर उठले, मोटारसायकलकडं गेले. मी दारामागं रडले. रडून काय होणार होतं?

असे नऊ ईस्टर गेले. मामा चर्चमध्ये येत, मागं बसत. नव्या मुलांना गाण्यांच्या चाली शिकवत, जपमाळेचे मणी ओवून देत. फक्त रांगेत उभे राहत नसत, ना पाप सांगायच्या, ना प्रसादाच्या. भुकेला माणूस पंगतीत वाढपी व्हावा तसं त्यांचं चाललं होतं. लेक डॉक्टर झाली, सरकारी दवाखान्यात लागली, लग्न झालं. नवराही आमच्यातलाच, कागदावर तीच जात आणि फादरांच्या रजिस्टरात ख्रिस्ती. मागच्या साली तिला मुलगा झाला. मामांनी पणतूचं तोंड पाहिलं, आणि त्याच प्रायश्चित्तकाळात त्यांनी अंथरूण धरलं. पायांना पाणी झालं, श्वास पुरेना. फादरांना निरोप धाडला.

फादर आले, बाहेर हातपाय धूत होते. मी मामांची उशी सारखी करत होते. त्यांनी माझं मनगट धरलं. हाताला काही जोर नव्हता.

"बाई, पोरीचं समदं झालं आता. नोकरी झाली," ते म्हणाले. "तिच्या लेकराला बी विचारायला येतील का गं?"

मला कळलं ते काय विचारतात ते. पणतूसाठी पुन्हा कुणी विचारणार असेल, तर त्यांच्या मनात पुन्हा तेच उत्तर होतं, आणि मग पुन्हा करणार नाही ही प्रार्थना त्यांना म्हणता येणार नव्हती. आणि मला माहीत होतं. मुलगा शाळेत जाईल, फॉर्मवर रकाना असेल. पुढं दाखला लागेल, पडताळणी लागेल. विचारतील, विचारल्याशिवाय राहतात थोडेच?

मी म्हटलं, "न्हाई मामा. आता ते समदं बंद झालंय. कुणाला बी विचारत न्हाईत."

"खरंच?"

"आईची आण."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, बोलाव फादरांना. मी बाहेर जाऊन उभी राहिले. आतनं त्यांचा आवाज येत होता. शब्द कळत नव्हते, पण शेवटची प्रार्थना मला चालीवरनं ओळखू आली. त्यांनीच ती आम्हा सगळ्यांना शिकवलेली. ती त्यांनी पूर्ण म्हटली, दम लागत होता तरी शेवटच्या ओळीपर्यंत. फादरांनी त्यांना प्रसाद दिला. मी आत गेले तेव्हा मामांच्या तोंडावर असं काही होतं की नऊ वर्षांत मी ते पाहिलं नव्हतं. पाणी मागितलं, दोन घोट प्यायले. चौथ्या दिवशी गेले.

यंदाचा प्रायश्चित्तकाळ चालू आहे. फादर लिंबाखाली बसतात, मी रांगेत उभी राहते. परवा माझी पाळी आली. मरणाऱ्या माणसाला खोटं सांगितलं, आईची आण घेऊन सांगितलं, असं मी सांगून टाकलं. फादर समजून गेले. कुणाला, का, सगळं. त्यांनी विचारलं, पश्चात्ताप होतो का?

मी प्रयत्न केला. खरंच केला. पण डोळ्यांपुढं मामांचं ते तोंड आलं, आणि मी म्हणाले, नाही होत फादर. मग मी उठले आणि मागच्या बाईला जागा करून दिली.